पियानोवरचं रुखवत

परवा माळ्यावरून आकाशकंदील काढताना ते पुस्तक खाली आलं. हिरव्या पुठ्ठ्याचं, आडव्या पानांचं, कडा उंदरांनी चाखलेल्या. नाकाशी धरलं तर आतून अजून डांबरगोळ्यांचा आणि मिस डोरीनच्या पावडरीचा वास येतो. त्यात आयर्लंडची लोकगीतं आहेत, कुणा थोर युरोपीय संगीतकाराने पियानोसाठी बांधून दिलेली. शिरूरच्या बाजार समितीमागच्या दोन खोल्यांत असलं पुस्तक असण्याचं काही कारण नाही. पण कारण नसलेल्या पुष्कळ गोष्टी आमच्या माळ्यावर आहेत.

शेवटच्या पानाला टाचणीने एक सुटा कागद लावलेला आहे. त्यावर मिसने हाताने रेघा ओढून एक चाल लिहिली आहे. ती आयर्लंडची नाही. ती माझ्या आत्याची आहे.

लेकीच्या छोट्या कीबोर्डवर मी ती वाजवून पाहिली. बोटं विसरली नव्हती, याचं मलाच नवल वाटलं. लेक दप्तर टाकून जवळ आली आणि म्हणाली, "आई, हे कुठल्या देवाचं गाणं आहे?"

"देवाचं नाही गं. रुखवताचं."

"मग शब्द म्हण ना."

माझे कान तापले. एवढीशी पोर, तिने साधा प्रश्न विचारला आणि मी शाळेत बाकावर उभी राहिल्यासारखी भिंतीकडे बघत बसले. या चालीपाशी आलं की आमच्या घराण्यात कुणाला ना कुणाला लाज वाटतेच. तशी रीतच पडून गेली आहे.

दौंडला मी शिकायला म्हणून गेले ते नव्वद सालाच्या आसपास. आमचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडलेले. वडलांनी कळप विकला आणि घोडनदीच्या काठाला जमीन धरली, पण घरातली घोंगडी काही विकली नाहीत. त्यातलंच एक वळकटी करून आईने माझ्याबरोबर दिलं. आत्याचा नवरा, म्हणजे आमचे मामा, रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये त्या घोंगडीवर मी झोपायचे. सकाळी शाळेत शेजारची मुलगी नाक वर करून विचारायची, "कसला गं वास येतोय?" मीही तिच्याबरोबर नाक वर करून इकडेतिकडे बघायचे. लोकरीचा वास अंगात मुरतो, तो साबणाने जात नाही. दौंडला असताना त्या वासाची मला लाज वाटायची. आता तो कुठे मिळत नाही म्हणून जीव तुटतो.

दौंडला तेव्हा गाडीचं तोंड फिरायचं. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी आली की इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून शेपटीकडे जायचं आणि तिथेच डोकं होऊन लागायचं. पुढे तोंड करून बसलेली माणसं आता पाठमोरी निघायची. जोडणीचा तो दणका आमच्या क्वार्टरच्या भांड्यांपर्यंत पोचायचा. फळीवरची पितळी किणकिणायची आणि आत्या तव्यावरची भाकरी फिरवत म्हणायची, "फिरलं बया इंजान."

आत्याचा आवाज असा की तिने हळू बोलायचं ठरवलं तरी पलीकडच्या चाळीत हाक पोचायची. लग्नसराईत तिला लांबून बोलावणी यायची, मान द्यायला नव्हे, गायला. आमच्याकडे मुलीकडचं रुखवत मांडलं की दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसायच्या. एका बाजूने गाण्यातून टोमणा मारायचा, म्हणायचं आणि थांबायचं. मग दुसऱ्या बाजूने त्याच चालीवर उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर ती बाजू हरली, आणि त्या हरण्याची आठवण बायका नातवंडांच्या बारशापर्यंत ठेवायच्या. टोमणेही साधेसुधे नसत. विहिणीच्या चालण्यापासून तिच्या अंथरुणापर्यंत सगळ्याची त्यात वास्तपुस्त असे. पुरुष माणसं तेवढ्यापुरती मांडवाबाहेर जाऊन तंबाखू मळत बसायची. आत्याच्या समोर बसलेल्या बाजूने शेवटचं उत्तर दिलं, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

रेल्वे कॉलनीच्या टोकाला चिंचेखाली मिस डोरीनचा बंगला होता. अँग्लो-इंडियन बाई, रिटायर झालेली मास्तरीण, कायम फुलाफुलांचा झगा आणि पायात बंद बूट. मी इंग्रजीसाठी तिच्याकडे जायचे आणि इंग्रजी सोडून गाणं शिकून यायचे. बैठकीत पियानो होता. त्याच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या, जशा आमच्याकडे दुधाच्या फडताळाखाली असत.

संध्याकाळी मिस हे हिरवं पुस्तक उघडायची. तिच्या पणजोबांचा कुणी बाप रूळ टाकायला म्हणून आयर्लंडहून इकडे आला आणि इकडचाच झाला. मिसने आयर्लंड पाहिलेलं नव्हतं. तरी ती गाणी वाजवताना तिचे डोळे भरायचे आणि नाकाचा शेंडा लाल व्हायचा. मला त्याचीही लाज वाटायची. मोठ्या माणसाने असं उघड रडू नये, असं मला तेव्हा वाटे.

"तू जानती है, ये सब किसने बनाया?" मिस विचारायची आणि त्या संगीतकाराचं नाव घेताना तिची मान ताठ व्हायची. तो आयर्लंडला कधी गेलाच नव्हता. चाली त्याला टपालाने यायच्या. एक मनुष्य दूरच्या गावाहून नुसत्या चाली पाठवायचा, शब्द मागाहून, कधी शब्दच नाहीत. गाणं नांगरणीचं आहे की मयताचं, लग्नाचं की दारूच्या गुत्त्यातलं, याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नसे. त्याने आपल्या कानाला विचारलं आणि चालीला घर बांधून दिलं. गाण्याच्या आधी पियानो थोडा एकटा बोलायचा, जशी दारातली ओसरी. गाणं संपल्यावर पुन्हा थोडा एकटा बोलायचा. तो मागचा तुकडा मला फार आवडायचा. गाणारं माणूस उठून गेलं आहे आणि घर अजून त्याच्या आवाजाने भरलेलं आहे, असं वाटायचं.

"और असली शब्द? गाववाले जो गाते थे?" एकदा मी विचारलं.

मिसने पुस्तक मिटलं. "वो किसी को नहीं आते. बाद में दूसरे लोगों ने अंग्रेज़ी में लिख दिए. मेरे को भी नहीं आते." असं म्हणताना ती लाजली. साठीच्या बाईला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं. आपल्याच माणसांचे शब्द आपल्याला येत नाहीत, यात लाजण्यासारखं काय, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग तिच्या डोक्यात आलं, इकडच्या चालींनाही असं घर का बांधू नये? आत्याला बोलावणं गेलं. आत्या धुवट लुगडं नेसून, डब्यात थालीपीठं घेऊन आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. वाटेत मला म्हणाली होती, "मला दुसरं काय येतंय गं? रुखवताचंच येतंय. आन् त्ये बाईम्होरं कसं म्हणायचं?"

म्हणून तिने शब्द गाळले. तोंड मिटून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, नुसत्या हुंकाराने चाल म्हणाली. लाजत म्हटल्यामुळे ती अतिशय सावकाश आली. मांडवात धूम पळणारी चाल मिसच्या बैठकीत गरोदर बाईसारखी जपून पावलं टाकायला लागली. मिस डोळे मिटून ऐकत होती.

"कितना सॅड है," ती म्हणाली. "शब्द क्या हैं?"

"शब्द न्हाईत बाई त्याला," आत्या म्हणाली. "नुस्ती चालच हाय."

मी पियानोखालच्या वाटीत बुडालेल्या मुंगीकडे बघत राहिले.

त्या वर्षी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये कार्यक्रम होता. मिसने आम्हा मुलींचं एक टोळकं तयार केलं. पांढरे फ्रॉक, केसांत निळ्या रिबिनी. आधी दोन आयर्लंडची गाणी आणि शेवटी आत्याची चाल, आम्ही नुसतं आकारात गायची, मिसने तिला त्या संगीतकारासारखी ओसरी आणि परसदार लावून दिलेलं. नेमक्या त्याच दिवशी कासुर्डीच्या विहीणबाई दौंडात आल्या होत्या. आत्याची लेक सुमन, तिची सोयरीक कासुर्डीला झालेली, आणि बस्ता बांधायला ती मंडळी आलेली. "आमची भाची गाणार हाय," असं आत्या सांगून बसली, मग त्यांना आणणं भागच होतं. सगळ्या शेवटच्या रांगेत बसल्या. मांडीवर लुगड्यांचे गठ्ठे. पहिल्या रांगेत मामांच्या साहेबाची बायको होती आणि तिच्या अत्तराचा वास थेट स्टेजपर्यंत येत होता.

आमची आयर्लंडची गाणी झाली. टाळ्या पडल्या. मग मिसने आत्याची चाल सुरू केली. देवळात समई लावावी तशी हळू, गंभीर. आम्ही आकार लावला. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं, तर विहीणबाईंची मान तिरकी झालेली. एखादं ओळखीचं माणूस परक्या गावात दिसावं तसा त्यांचा चेहरा. चरण संपला. आम्ही थांबलो आणि मिसच्या बांधणीप्रमाणे पियानो एकटा बोलायला लागला.

हा थांबा कशासाठी असतो, हे त्या सभागृहात शेवटच्या रांगेलाच माहीत होतं. मुलीकडच्यांनी म्हणायचं आणि थांबायचं. मग मुलाकडच्यांनी उत्तर द्यायचं. इथे मुलीच्या मामेबहिणीने स्टेजवर चढून, भर सभेत, चाल टाकलेली. आता गप्प बसलं तर कासुर्डी हरली.

विहीणबाई उठल्या. गठ्ठा सुनेच्या मांडीवर दिला, पदर खोचला आणि सभागृहाच्या पत्र्याला भिडेल असा आवाज लावला.

"दौंडाच्या गाडीला इंजानं दोन,
विहीणबाई, तुमच्या मागं फिरतंय कोण?"

हा त्यांच्या उत्तरातला सगळ्यात सोवळा चरण. पुढचे इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि मला नीट आठवतही नाहीत. साहेबाच्या बायकोला वाटलं हे कार्यक्रमातलंच आहे. तिने टाळ्या धरल्या. मिसला तर आनंदाने काही सुचेना. तिने मान वळवून विहीणबाईंकडे पाहिलं आणि बोटं पळवली, आणि त्या चालीला एकदम पाय फुटले. इतके दिवस अंथरुणात निजवलेली चाल उठून नाचायला लागली. हमाल, पोर्टर, पॉइंट्समन, ज्यांना शब्द कळले ते सगळे बुटांकडे बघत होते. बायका तोंडात पदर कोंबून हलत होत्या.

विहीणबाई थांबल्या. खाली बसल्या. आता सगळ्या बायकांचे डोळे आत्याकडे वळले.

मिसलाही तेवढं उमजलं. ती मागचा तुकडा वाजवत राहिली. संपला, तर पुन्हा पहिल्यापासून. ओसरीवर दिवा लावून वाट बघावी तशी वाजवत राहिली. आत्या उठली. मला वाटलं, आता छप्पर उडतंय. तिने तोंड उघडलं, आणि तिची नजर पहिल्या रांगेवर गेली. साहेबाची बायको मागे वळून, हसून, मान डोलावून तिला प्रोत्साहन देत होती. मामा दाराशी उभे होते, त्यांच्या हातातली टोपी चुरगळलेली. आत्याचं तोंड तसंच मिटलं. ती खाली बसली आणि तिने पदर डोळ्यांवरून ओढला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. त्या दिवशी इन्स्टिट्यूटच्या फरशीकडे मी अगदी आशेने बघत होते. आत्याने काय म्हटलं असतं याची लाज होती, आणि तिने काही म्हटलं नाही याची त्याहून जास्त.

परतताना रुळांच्या कडेने सगळ्या ओळीने चालत होत्या. विहीणबाईंच्या मनात किल्मिष नव्हतं. त्या उलट खुशीत होत्या.

"काय वो विहीणबाई, पियानूला भ्यालात व्हय?"

"न्हाई वो. म्होरं सायबाच्या बायका हुत्या."

"मंग आमी काय रानात म्हणलं?" विहीणबाई हसल्या. "असूं द्या. उत्तर राह्यलं बघा तुमचं."

सुमनच्या लग्नात रुखवत मांडलं, समोर कासुर्डीच्या बायका सरसावून बसल्या, आणि आत्या आतल्या खोलीत करंज्या मोजायचं निमित्त करून बसली ती बाहेर आलीच नाही. "दौंडातच हारल्या की," असं कुणीतरी म्हणालं. तिथून पुढे आत्या कुठल्याच मांडवात गायली नाही. तिला बोलावणीही हळूहळू थांबली. नाहीतरी बँडचा, मग स्पीकरच्या भिंतींचा जमाना आला. पण त्या भिंती यायच्या आधीच आमच्याकडची एक भिंत पडली होती, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

मिस डोरीन भावाकडे परदेशी निघाली तेव्हा पियानो ट्रकमध्ये घातला. गोणपाटात गुंडाळलेला तो पियानो बाजारला नेलेल्या म्हशीसारखा दिसत होता. जाण्याआधी तिने आत्याचा हात हातात घेऊन पुन्हा विचारलं, "अब तो बताओ. शब्द?"

आत्या म्हणाली, "न्हाईत बाई." तिचे डोळे भरले होते. मिसने हे पुस्तक मला दिलं, त्यात तो कागद लावून. आपल्यासाठी तिने दुसरा लिहून घेतला असावा. आयर्लंडच्या चाली बिनशब्दाच्या घेऊन ती आयुष्यभर बसली होती. जाताना आणखी एक तशीच चाल घेऊन गेली.

वर्षं गेली. मी शिरूरला मास्तरीण झाले. नवरा रांजणगावच्या कंपनीत, त्याची शिफ्ट आणि माझी शाळा यांच्या फटीत संसार. सुमन माहेरी आली की निरोप आणायची, "आई, सासूबाईंनी इचारलंय. उत्तर कवा देताय?" आत्या हसायची आणि उठून चहा ठेवायची. चहात आलं जास्त पडायचं.

मग एका उन्हाळ्यात सुमनचा फोन आला. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, दोन्ही पोरांना बोलवून घेतलंय, आईला घेऊन ये. मी आत्याला घेऊन कासुर्डीला गेले. आसपास कुठेतरी गुऱ्हाळ चालू होतं. उकळत्या रसाचा वास ओसरीत भरून राहिला होता आणि हायवेवरचे ट्रक भिंतीपलीकडे घोंघावत होते. बाजेवर विहीणबाई. तो मांडव हलवणारा देह एवढासा झालेला. भोवती लेक, सुना, पुण्याहून आलेला शिकलेला नातू. सगळे गंभीर.

"आल्या व्हय विहीणबाई?" आवाज नुसता वारा होता. "उत्तर घिऊन आल्या, का रिकाम्या हातानं?"

सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. नातू म्हणाला, "आजी, बोलू नको, त्रास होईल."

आत्याने सगळ्यांकडे पाहिलं. ही नजर मी ओळखत होते. ही तीच पहिली रांग होती. आता ही तोंड मिटणार, बसणार, पदर ओढणार.

तिने पदर ओढलाच. पण बाजेवर बसून, वाकून, तो दोघींच्या डोक्यांवरून घेतला. जुन्या लुगड्याच्या त्या मांडवात दोन पांढरी डोकी दिसेनाशी झाली. आणि आतून चाल ऐकू यायला लागली. हळू आवाजात, पण पळती. मिसच्या कागदावरची नव्हे, रुखवताची. शब्द आम्हाला एकही कळला नाही. पदर हलत होता. मग आतून खिदळण्याचा आवाज आला, खोकला आला, पुन्हा खिदळणं.

"आई, काय चाललंय तुमचं?" सुमन घाबरून म्हणाली.

पदर बाजूला झाला. विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लय येळ लावला," त्या म्हणाल्या. "पन येक नंबर दिलं." मग आत्याचं मनगट धरून, थांबत थांबत म्हणाल्या, "आता माजं राह्यलं. वाईच दम खाऊं द्या. देते."

तो दम त्यांना मिळाला नाही. आठवडाभरात निरोप आला.

कासुर्डीहून त्याच दिवशी परतताना एसटीत मी आत्याला विचारलं होतं, "काय म्हणालीस गं?" विचारताना माझा आवाज असा बारीक निघाला की तिला दोनदा विचारावं लागलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला ऐकू न्हाई आलं न्हवं? मंग बरं झालं. मास्तरीण हायस तू." आणि ओठांतल्या ओठांत हसत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही. शिकल्यासवरल्या बाईने असले शब्द लिहून घ्यायचे तरी कसे, असंही वाटलं. आत्या जाऊन आता दोन पावसाळे झाले.

"आई, सांग ना. शब्द कुठे आहेत?" लेकीने माझा दंड हलवला.

"होते," मी म्हणाले. "मला येत नाहीत."

मिसचा नाकाचा शेंडा मला आठवला. माझाही तसाच लाल झाला असणार, कारण लेक माझ्याकडे निरखून बघत होती. मग तिने मला बाजूला सारलं आणि एका बोटाने, ऐकून ऐकून, ती चाल वाजवायला लागली. सावकाश, समईसारखी.

"अशी नाही," मी म्हणाले. "पळव जरा." आणि बांगड्यांनी ताल धरला. तिला गंमत वाटली. बोट अडखळत होतं तरी ती पळवायला लागली. चरण संपला.

"इथे थांब," मी म्हणाले. "इथे समोरून उत्तर येतं."

ती बोट वर धरून थांबली. बाहेर कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे वळत होते. आम्ही दोघी थांबलो.

"आई, समोर कोण आहे?" तिने विचारलं.